प्रवेशाची एकच रांग

(बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी आणि शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी योजलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मी कला शाखेचा पदवीधर आहे. अभियांत्रिकीशी माझा संबंध आला तो वार्ताहर म्हणून. जून-जुलै उजाडला की प्रवेशाच्या बातम्या लिहिणे हे माझ्या वाट्याला आलेले काम. त्यामुळे कोणती शाखा उत्तम, कोणत्या महाविद्यालयाला भवितव्य आहे, हे मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही जण त्याचे हजारो रुपये घेतात. मला सांगायचे आहे ते याहून साधे आहे. ही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया म्हणजे नेमके काय, ती आली कशी, तिच्या पोटात कोणते गणित चालते आणि ते न समजल्यामुळे चांगल्या गुणांच्या मुलांचे नुकसान कसे होते, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतील जागा मोजक्या होत्या आणि मराठी मुले शिक्षणासाठी कर्नाटकाची वाट धरीत. नव्या धोरणाने दारे उघडली, हे मान्य केलेच पाहिजे. आज देशात आणि परदेशात नाव मिळवून असलेले कितीतरी मराठी अभियंते या महाविद्यालयांतून बाहेर पडले. परंतु दारे उघडली तशी दाराशी पेटीही आली. देणगी हा शब्द आपल्या संस्कृतीत किती पवित्र! त्या शब्दाला या काळात जो वास लागला, तो अजून गेलेला नाही. जागेचा भाव ठरू लागला. १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी घेण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला, यातच सारे आले.

पुढची कहाणी न्यायालयाची आहे. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशी विभागणी केली. दोन्ही जागा गुणवत्तेनेच भरायच्या, हा त्यातील गाभा होता. ‘फ्री सीट मिळाली का?’ हा प्रश्न त्या काळी घराघरांत विचारला जाई. इथल्या अनेकांना तो आठवत असेल. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना रद्द केली आणि खासगी संस्थांची स्वायत्तता मान्य केली. मग स्वायत्ततेची सीमा कोणती, असा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर आले ते आपल्याच राज्यातल्या खटल्यात. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, या २००५ च्या निकालात सात न्यायमूर्तींनी सांगितले की, खासगी संस्थेवर सरकार आपला कोटा लादू शकत नाही; पण प्रवेश हा न्याय्य, पारदर्शक आणि शोषणमुक्त पद्धतीनेच झाला पाहिजे आणि नफेखोरीला व देणगीला मुभा नाही. २०१६ साली मॉडर्न डेंटल कॉलेज खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सामाईक परीक्षा घेण्याचा आणि शुल्कावर नियंत्रण ठेवण्याचा राज्याचा अधिकार उचलून धरला.

दरम्यान महाराष्ट्राने २०१५ साली स्वतंत्र कायदा केला. त्यातून तीन यंत्रणा उभ्या राहिल्या. परीक्षा आणि प्रवेशाच्या फेऱ्या पाहतो तो राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, ज्याला आपण सीईटी सेल म्हणतो. झालेले प्रवेश नियमानुसार आहेत का, हे तपासते ते प्रवेश नियामक प्राधिकरण. प्रत्येक खासगी महाविद्यालयाचे शुल्क ठरवते ते शुल्क नियामक प्राधिकरण. ही तीन नावे ध्यानात ठेवा. तक्रार कोठे करायची हे कळण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

हा इतिहास मी सांगितला तो एका कारणासाठी. संगणकाच्या पडद्यावर दिसणारी ही रूक्ष प्रक्रिया वाटते तितकी रूक्ष नाही. ज्याच्यापाशी पैसा त्याला जागा, या व्यवहाराविरुद्ध दोन दशके चाललेल्या झगड्यातून ती उभी राहिली आहे. धनिकाचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी एकाच रांगेत, गुणांच्या क्रमाने उभी राहतात, हे या प्रक्रियेचे मोठेपण. या रांगेचे नियम आपण समजून घेतले नाहीत, तर रांग असूनही मोठ्या घरचा मुलगा पुढे जातो. यावेळी पैशाने नव्हे, तर माहितीच्या बळावर.

आता गणिताकडे वळू.

पहिला गोंधळ होतो तो पर्सेंटाइल या शब्दापाशी. २०१९ पासून आपली एमएचटी-सीईटी संगणकावर, अनेक सत्रांत घेतली जाते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून गुणांची थेट तुलना करता येत नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ, त्या सत्रात बसलेल्यांपैकी ९० टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत. २०२५ साली पीसीएम गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. म्हणजे एका पर्सेंटाइलच्या अंतरात सुमारे चार हजार मुले उभी आहेत! ‘एकाच पर्सेंटाइलने काय होते?’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा. आणि ‘नव्वद मिळाले, आता हवे ते महाविद्यालय मिळेल’ असे समजून पेढे वाटणाऱ्यांनीही!

दुसरा, आणि अधिक महागात पडणारा गोंधळ होतो तो पसंतिक्रमापाशी. माझ्या आजच्या बोलण्याचा हाच मध्यबिंदू आहे.

संगणक काय करतो? तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्याला बोलावतो, त्याची पसंतीची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा रिकामी दिसेल ती त्याला देतो. मग दुसरा, मग तिसरा. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याचा विचार आधी खुल्या जागेसाठी होतो, मग त्याच्या प्रवर्गातील जागेसाठी. पूर्वी हेच काम समुपदेशन केंद्रावर प्रत्यक्ष होत असे. विद्यार्थी पालकांसह हजर होई, रिकाम्या जागांवर नजर टाकी आणि क्षणात निर्णय घेई. आज तोच निर्णय तो आधी लिहून देतो. यंत्र त्याच्या वतीने रांगेत उभे राहते.

आता तीन मुलांची कल्पना करा. गुणवत्ता यादीत अनघा पहिली, मंदार दुसरा, सुनीता तिसरी. महाविद्यालये तीन, प्रत्येकात एकच जागा. मंदारला मनातून पहिले महाविद्यालय हवे आहे. पण वडील म्हणतात, “ते काही आपल्याला मिळायचे नाही. उगाच ते वर लिहून दुसरेही हातचे जाईल. दुसरेच वर लिही.” मंदार ऐकतो. इकडे अनघाने, तिच्या काही कारणाने, तिसरे महाविद्यालय पसंत केले. यंत्र मंदारपाशी आले तेव्हा पहिले महाविद्यालय रिकामे होते. पण त्याच्या यादीत दुसरे वर होते, म्हणून त्याला दुसरे मिळाले. पहिले गेले सुनीताला. तिचे गुण मंदारपेक्षा कमी होते, परंतु तिने मनातला क्रम जसा होता तसा लिहिला होता.

आता वडिलांची भीती खरी होती का, ते पाहू. समजा मंदारने पहिले महाविद्यालय वर लिहिले असते आणि अनघाने ते आधीच घेतले असते. तर यंत्र मंदारच्या यादीत एक ओळ खाली आले असते आणि दुसरे महाविद्यालय त्याला दिले असते. सुनीता त्याच्या आधी तेथे पोहोचूच शकत नव्हती; कारण तिची पाळी त्याच्यानंतरची. म्हणजे मोठी इच्छा वर लिहिल्याने लहान इच्छा हातची जात नाही. ‘ज्याने वर लिहिले त्याला प्राधान्य’ असा नियमच नाही. प्राधान्य ठरते गुणांनी; यादी फक्त तुमचे मन सांगते.

हे केवळ आपल्या राज्याचे नाही. राष्ट्रीय पातळीवर आयआयटी, एनआयटी आदी संस्थांचे प्रवेश २०१५ पासून ‘जोसा’ या संयुक्त यंत्रणेमार्फत होतात. त्यापूर्वी आयआयटीची प्रक्रिया वेगळी आणि एनआयटीची वेगळी असे. एकच विद्यार्थी दोन्हीकडे जागा अडवून बसे, नंतर एक सोडी, आणि ती भरायला वेळ उरत नसे. देशाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जागा रिकाम्या जात. ही प्रक्रिया एकत्र आणायची तर अडचण अशी की येथे गुणवत्ता यादी एक नाही. आयआयटीसाठी जेईई अॅडव्हान्स्डचा क्रमांक, एनआयटीसाठी जेईई मेनचा. एकाच मुलाचे दोन रांगांत दोन क्रमांक. मग कोणाला आधी बोलवायचे?

याचे उत्तर एका जुन्या गणितात सापडले. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६२ साली महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहांचे स्थैर्य असा एकत्र विषय घेऊन एक निबंध लिहिला. लग्ने जुळवणे आणि प्रवेश देणे यांचे गणित एकच, असे म्हणणारे हे विद्वान आपल्याकडच्या मध्यस्थांना नक्कीच आवडले असते! त्यांची रीत अशी : प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो. महाविद्यालय आपल्या यादीनुसार उत्तम तेवढे तात्पुरते धरून ठेवते, बाकीच्यांना परत पाठवते. परतलेले पुढच्या पसंतीकडे जातात. तेथे त्यांचा क्रमांक वरचा असेल तर आधी धरलेला सुटतो आणि तो आपल्या पुढच्या पसंतीकडे निघतो. कोणीच हलेनासे झाले की वाटप पक्के. या रीतीचे वैशिष्ट्य असे की, खोटा पसंतिक्रम लिहून विद्यार्थ्याला काहीही लाभ होत नाही. याच विषयातील कार्यासाठी शॅप्ले आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

भारतासाठी ही रीत तशीच उचलून चालणार नव्हते. आपल्याकडे आरक्षणाचे प्रवर्ग आहेत, राज्यांचा कोटा आहे, दिव्यांगांच्या जागा आहेत. इतर मागासवर्गाच्या जागा रिकाम्या राहिल्या तर त्या खुल्या कराव्या लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या तशा करता येत नाहीत. आपल्याच प्राध्यापकांनी ही गुंतागुंत सोडवून पद्धत उभी केली. पाचशेहून अधिक अभ्यासक्रम आणि सुमारे ऐंशी संस्था यांचे वाटप तिने २०१५ मध्ये केले आणि रिकाम्या जागांचे प्रमाण लक्षणीय घटले. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी अधिसंख्य जागा आल्या, तेही याच चौकटीत बसले. त्या जागा वाढीव आहेत, मुलांच्या जागा काढून दिलेल्या नाहीत, हे मुद्दाम सांगतो. कारण याविषयी गैरसमज पुष्कळ ऐकू येतो. आपल्या बुद्धिवंतांचे हे काम जगाने दखल घ्यावी असे आहे, पण आपल्या घरांत त्याची माहिती फारशी नाही.

तेव्हा सूत्र एकच. यादी मनातल्या क्रमाने लिहा. कटऑफ पाहा, तो सीईटी सेल फुकट प्रसिद्ध करतो. पण तो पाहायचा तो यादी पुरेशी लांब आहे का हे ठरवण्यासाठी, क्रम बदलण्यासाठी नव्हे. जेथे जायचेच नाही ते लिहू नका आणि जेथे जाणे चालेल ते लिहायला कंटाळू नका. दहा पर्याय लिहून थांबणारा मुलगा आणि साठ लिहिणारा मुलगा यांत पहिल्याचा धोका अधिक.

फेऱ्यांमुळे या सूत्राला आणखी धार येते. २०२५ साली महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या ठेवण्यात आल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतील आणि तिसऱ्यात पहिल्या सहांतील, तर ती जागा घेणे बंधनकारक होते. पुढच्या फेरीचे दार बंद! ज्याने वडिलांच्या, मावसभावाच्या किंवा सल्लागाराच्या सांगण्यावरून नको असलेले नाव वर लिहिले, त्याला ते मिळाले आणि तो तेथेच अडकला. यंत्राने अन्याय केला नाही; यंत्राने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. जोसामध्येही ‘फ्रीझ’, ‘स्लाइड’ आणि ‘फ्लोट’ असे तीन शब्द येतात. मिळाले त्यात समाधानी असाल तर फ्रीझ. त्याच संस्थेत वरची शाखा हवी असेल तर स्लाइड. यादीतले वरचे काहीही चालणार असेल तर फ्लोट. वरचे मिळाले की खालचे आपोआप जाते, हे मात्र विसरू नका.

आता ज्या गोष्टींमुळे गरिबाघरचे मूल मागे पडते, त्यांकडे वळतो.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांपैकी एखादा कागद मुदतीत नसेल तर राखीव जागेचा हक्क जातो आणि विद्यार्थी खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. ज्याच्या घरात शिकलेले कोणी नाही, त्याला हे जुलैत कळते. तहसील कचेरीतील रांग तेव्हा रस्त्यापर्यंत आलेली असते. वैधतेचा अर्ज अकरावीतच करायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट शुल्काची. प्रत्येक महाविद्यालयात शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्के अधिसंख्य जागा असतात, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी. पण पसंतीच्या यादीत या जागेचा सांकेतांक वेगळा असतो आणि तो वेगळा भरावा लागतो. ज्याने नुसते महाविद्यालयाचे नाव लिहिले, त्याचा या जागेसाठी विचारच होत नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात राज्याने पूर्ण सवलत दिली. तरीही ‘मुलीवर एवढा खर्च कशाला’ म्हणून तिला अर्जच भरू न देणारी घरे आहेत.

तिसरी गोष्ट दलालांची. संस्था स्तरावरील कोट्यातील जागाही अर्ज मागवून, गुणवत्तेनेच भरायच्या असतात. ठरलेल्या शुल्कावर पावतीशिवाय मागितलेला प्रत्येक रुपया १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘जागा पक्की करून देतो’ म्हणणारा माणूस बहुधा तुम्हाला गुणांवर मिळणारीच जागा विकत असतो. आपण मध्यमवर्गीय माणसे भ्रष्टाचारावर तावातावाने बोलतो. आपल्या मुलाच्या वेळी पाकीट तयार ठेवतो. रांगेचा मान राखायचा असेल तर तो येथे राखावा लागेल.

शासनाकडेही मागणे आहे. २०१४ आणि २०१५ साली आपल्या अभियांत्रिकी प्रवेशांत जेईई मेन धरली गेली, २०१६ साली पुन्हा सीईटी आली. अकरावीत एका परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला बारावीत दुसरीच परीक्षा पुढे दिसणे, हा खेळ नको. नियम दोन वर्षे आधी ठरावेत, वेळापत्रक पाळले जावे आणि माहितीपुस्तिका सोप्या मराठीत यावी. न्याय्य पद्धत सामान्य माणसाला समजलीच नाही, तर तिचा न्याय अपुरा राहतो.

शेवटी कार्यकर्त्यांना दोन शब्द. रक्तदान शिबिरे आपण भरवतो, पूर आला तर धावून जातो. जून ते ऑगस्ट या काळात प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक खोली, एक संगणक, एक छपाई यंत्र आणि नियम वाचलेले दोन स्वयंसेवक एवढे उभे करणे आपल्याला अवघड नाही. मुलाचा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी त्याच्याजवळच राहू द्या. सायबर कॅफेवाल्याच्या वहीत तो लिहून ठेवलेला नको. मुलाला विचारा, तुला मनापासून काय हवे? तो सांगेल त्या क्रमाने यादी लिहायला साहाय्य करा, आणि माफीच्या जागेचा सांकेतांक भरला ना, हे पाहा. क्रम त्याचाच राहू द्या. तुमचे काम फक्त एवढेच की, त्याच्या हक्काची जागा केवळ न कळल्यामुळे दुसऱ्याच्या पदरात पडू नये.